पँट गळत नव्हती, ताई: वॉटरप्रूफ पँट घेण्याआधी

परभणीच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. गेल्या ऑगस्टमध्ये त्या कन्नड तालुक्यातल्या अंतूर किल्ल्यावर गेल्या होत्या. साडेतीन हजारांची वॉटरप्रूफ पँट अंगात होती, तरी खाली उतरेपर्यंत आतून चिंब. दुकानदार म्हणतो, माल गळत नाही. यंदा ऑगस्टमध्ये त्या लेकीला घेऊन उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीत, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला निघाल्या आहेत. तोच दुकानदार आता सात हजारांची पँट दाखवतो आहे, तिच्या चिठ्ठीवर 20,000/20,000 असं छापलंय. ती घ्यावी का, आणि आपल्याकडच्या पावसाळी भटकंतीलाही तीच चालेल का, असं त्या विचारतात.

ताई, सव्वीस वर्षं मी छत्रपती संभाजीनगरहून माणसं घेऊन डोंगरात जातोय. तुमच्यासारखी तक्रार दर पावसाळ्यात किमान दहा जण तरी घेऊन येतात. तुमची पँट बहुधा गळत नाही. तो घाम होता. हे दुकानदाराची बाजू घेऊन सांगत नाही. मी स्वतः पहिली पँट घेतली तेव्हा वेताळवाडीच्या किल्ल्यावरून भिजून आलो आणि थेट दुकानात जाऊन भांडलो होतो. घरी आल्यावर पँट उलटी केली, एका पायाची मोहरी सुतळीने घट्ट बांधली आणि त्यात दोन तांबे पाणी ओतलं. ती तशीच न्हाणीत खुंटीला टांगून खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरला. सकाळी पाणी होतं तेवढंच होतं आणि कागदाची शाई सुद्धा फुटली नव्हती. त्या दिवसापासून मी या कापडाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

तुम्हीही हे करून बघा. एका वेळी एक पाय, आणि पाणी गुडघ्याच्या वरपर्यंत यायला हवं. कागदावर थेंब पडले तर कुठून पडले ते पाहा. शिवणीवरून पडत असतील तर शिवणीवर आतून चिकटवलेली टेप सुटली आहे. कापडातूनच पाझरत असेल तर पाणी अडवणारा थर गेला. काहीच पडलं नाही तर पँट शाबूत आहे. एरवी भिजण्याच्या जागेवरूनही ओळखता येतं. गळती एका ठिकाणी असते: आसनात, गुडघ्यावर, चेनच्या कडेने. घाम सगळीकडे सारखा असतो आणि कमरेच्या पट्ट्याखाली, मांडीच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या मागे जरा जास्त.

आता हा घाम आत का राहिला, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी निवड त्यावरच आहे.

या कापडात मधे एक पातळ पापुद्रा असतो, मेंब्रेन म्हणतात तो. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी झटक्यात ओढली. ती तुटली नाही, उलट कितीतरी पट ताणली गेली आणि आतून सूक्ष्म छिद्रांनी भरून गेली. त्यातून 1976 मध्ये गोरटेक्स बाजारात आलं. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ मात्र जाते. स्वस्त पँटींमध्ये टेफ्लॉनच्या ऐवजी पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, पापुद्रा किंवा नुसता लेप असतो. काम तेच, जरा कमी.

पण वाफ आपण होऊन बाहेर जात नाही. तिला बाहेर जागा लागते. आपल्याकडे मे महिन्यात परभणीच्या गच्चीवर टाकलेली साडी अर्ध्या तासात कडक वाळते. तीच साडी श्रावणात महाबळेश्वरला दोन दिवस दोरीवर ठेवा, ओलसरच राहील. साडी तीच, पाणीही तेवढंच, फक्त हवा वेगळी. वॉटरप्रूफ पँटचं अगदी तसंच आहे. अंगालगतची हवा 33 अंशांच्या आसपास असते आणि घामाने भरली की तिच्या एका घनमीटरात 35 ग्रॅम वाफ असते. ऑगस्टच्या पावसात अंतूरच्या वाटेवर बाहेरची हवा 25 अंश धरली, तर तिच्यात आधीच 22 ग्रॅम भरलेलं असतं. मधला फरक फक्त 13 ग्रॅमचा. फुलांच्या दरीत पावसात तापमान 10 अंशांवर आलं, तर बाहेरची हवा काठोकाठ भरली तरी तिच्यात 9 ग्रॅमच मावतात. तिथे फरक 26 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर दुप्पट. शिवाय थंडीत माणसाला मुळात घामच कमी येतो. म्हणून तुमची हीच पँट तिकडे तुम्हाला वेगळी वाटेल.

चिठ्ठीवरचे आकडे आता वाचता येतील. पहिला आकडा पाण्याच्या दाबाचा. 10,000 म्हणजे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी ते झिरपत नाही. दहा मीटर म्हणजे आपल्याकडच्या साडेपाच परस विहिरीएवढं पाणी. पावसाच्या थेंबाचा दाब याच्या जवळपासही जात नाही. दाब येतो तो बसताना आणि गुडघा टेकताना. 75 किलोच्या माणसाचं सगळं वजन एका गुडघ्यावर आलं आणि टेकलेली जागा 100 चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब साडेसात मीटर पाण्याएवढा होतो. म्हणजे 10,000 ची पँट त्यालाही पुरते. पाठीवर सॅक घेऊन बर्फात पुन्हा पुन्हा गुडघे टेकावे लागणार असतील तर 20,000 ला अर्थ आहे. तुमच्या सहलीला नाही.

दुसरा आकडा वाफेचा. एक चौरस मीटर कापडातून 24 तासांत किती ग्रॅम वाफ जाते, ते तो सांगतो. 10,000 म्हणजे तासाला साधारण 417 ग्रॅम. खडी चढण चढताना माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळतो आणि त्यातला पायांचा वाटा थोडाच, त्यामुळे कागदावर हिशेब जुळतो. पण हा आकडा काढायच्या पद्धती दोन-तीन आहेत. कुणी पाण्याच्या वाटीवर कापड ताणून मोजतं, कुणी वाटी उलटी धरून. उलट्या वाटीचा आकडा बराच मोठा येतो. म्हणून एका कंपनीच्या 20,000 ची दुसरीच्या 10,000 शी तुलना करू नका. चिठ्ठीवर आरईटी, म्हणजे कापड वाफेला किती अडवतं, असा आकडा दिसला तर तो जास्त भरवशाचा. तो जितका लहान तितकं कापड चांगलं: 6 च्या खाली उत्तम, 20 च्या वर म्हणजे जवळपास रेनकोटच. पण तीही चाचणी 40 टक्के आर्द्रतेच्या हवेत होते. ऑगस्टमध्ये धुक्यात बुडालेल्या गडावर 40 टक्के आर्द्रता कुठून आणणार?

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे. मराठवाड्यातल्या पावसाळी भटकंतीत चालताना वॉटरप्रूफ पँट घालूच नका, सात हजारांचीही नको. आपल्याकडे पूर्ण पावसाळ्यात सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर जातो. आपला पाऊस सरीसरीने येतो, मधे ऊन पडतं, वारा सुटतो. गौताळ्यात, पितळखोऱ्याच्या वाटेवर, बालाघाटच्या डोंगरात किंवा सौताड्याच्या धबधब्यापाशी तुम्हाला लागते ती पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टरची लवकर वाळणारी पँट. सर आली की भिजते, थांबली की वीस-तीस मिनिटांत चालता चालता अंगावरच वाळते. वरून एक चांगलं जाकीट किंवा पोंचो.

आपल्या धनगरांकडे बघा. पावसात डोक्यावरून घोंगडीची खोळ, पाठ आणि छाती झाकलेली, धोतर गुडघ्यावर खोचलेलं आणि पोटऱ्या उघड्या. शेतातल्या बायका युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन निंदायला बसतात, पाय चिखलातच असतात. पाय चालते असले की ओले झाले तरी गार पडत नाहीत. गारठतं ते डोकं, पाठ आणि छाती. पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभं राहून कमावलेली ही समज आहे आणि मी ती सगळ्या चिठ्ठ्यांच्या वर मानतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: जीन्स घालून येऊ नका, लेकीलाही घालू देऊ नका. भिजलेली जीन्स जड होते, गुडघ्याला अडते, मांड्या घासून सोलवटतात आणि दिवसभर वाळत नाही. वारं सुटलं की तीच अंगातली ऊब ओढून घेते. हरिश्चंद्रगडावर जुलैच्या पावसात कुडकुडत बसलेली जी पोरं मी खाली आणली, त्यातल्या बहुतेकांच्या अंगात जीन्स होती.

वॉटरप्रूफ पँट आपल्याकडे कामाची ती थांबल्यावर. माथ्यावर जेवायला बसलात आणि वारा सुटला, गुहेत मुक्काम आहे, किंवा परतीचा प्रवास मोटारसायकलवर आहे. तेव्हा ती ओल्या पँटवरूनच चढवायची. मोटारसायकलपुरती हवी असेल तर साधा प्लॅस्टिकचा रेनकोटही तितकाच चांगला, गाडीवर घाम येत नाही.

आता फुलांची दरी. तिथे पँट हवीच. घांगरियाचा मुक्काम 3,000 मीटरच्या वर आहे. ऑगस्ट हा फुलांचा महिना आणि पावसाचाही. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत घांगरियाला परतायचं. पाऊस लागला की तो आपल्यासारखा सर टाकून जात नाही, दिवसभर बारीक पडत राहतो आणि ढग अंगावरून सरकत असतात. जवळच्या हेमकुंड गुरुद्वाऱ्याला जाणार असाल तर तिथे 4,000 मीटरच्या वर वारा हाडात शिरतो. ओले पाय घेऊन तिथे थांबणं धोक्याचं आहे, विशेषतः मुलांना.

पण त्यासाठी सात हजार घालायच्या आधी जुनी पँट तपासा. न्हाणीतली पाण्याची परीक्षा ती पास झाली तर पुढची परीक्षा वरच्या कापडाची. पँट ताटावर पसरा आणि ओंजळभर पाणी शिंपडा. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोल होऊन घरंगळले तर ठीक. कापड गडद पडून पाणी पसरलं, तर वरचा पाणी झटकणारा लेप थकला आहे. हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित दुखणं. पापुद्रा शाबूत असतो, पाणी आत येत नाही, पण वरचं कापड ओल्या फडक्यासारखं चिकटून बसतं आणि वाफेची वाट बंद होते. मग आतून घाम साचतो आणि माणूस म्हणतो, गळतंय. तुमच्या पँटला अंतूरवर हेही झालं असणार.

याला उपाय आहे. पँट कोमट पाण्यात द्रवरूप साबणाने धुवा. कपडे धुण्याची पावडर आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर दोन्ही नको, त्यांचा थर कापडावर राहतो आणि तो पाणी ओढतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, म्हणून शेवटची खळबळ दोनदा करा, जमलं तर साठवलेल्या पावसाच्या पाण्यात. सावलीत वाळवा. मग पातळ सुती फडकं वर ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा, आतल्या चिठ्ठीवर इस्त्रीची मनाई नसेल तरच. उष्णतेने लेप पुन्हा उभा राहतो. मी एकदा घांगरियाला जाणाऱ्या दहा जणांच्या पँटी आमच्या गच्चीवर अशाच धुऊन घेतल्या होत्या, त्यातल्या सहांवर थेंब पुन्हा मोत्यासारखे उभे राहिले. उरलेल्यांना पाणी झटकणाऱ्या लेपाचा फवारा मारावा लागला. तो डोंगरी सामानाच्या दुकानात मिळतो. हल्ली लेपांमधून फ्लोरिनची जुनी रसायनं काढून टाकताहेत, ती निसर्गात वर्षानुवर्षं विरत नाहीत म्हणून. ते योग्यच आहे, पण नव्या लेपांना तेल आणि मळ लवकर चढतो, तेव्हा धुणं जरा वरचेवर लागतं.

आणि पँट ठेवता कुठे? पत्र्याखालच्या माळ्यावर असेल तर आजच खाली काढा. आपल्या उन्हाळ्यात 42-43 अंश बाहेर असले की पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णता आणि ओल यांनी पीयूचा लेप आतून सुटतो. पँट उलटी करून बोट फिरवा. बोटाला चिकट लागलं किंवा उन्हात भाजलेल्या कातडीसारखे पांढरे पोपडे निघाले, तर तिला काही इलाज नाही, ती गेली. नाहीतर कोरडी करून, घडी न दाबता, खालच्या कपाटात ठेवा.

जुनी गेली असेल, किंवा लेकीसाठी घ्यायची असेल, तर दुकानात हे पाहा. आकड्यांपेक्षा मी याला जास्त मान देतो.

चेन. बाजूची चेन निदान गुडघ्यापर्यंत हवी, कमरेपर्यंत असेल तर सोनं. पाऊस आला की बूट न काढता पँट चढवता आली पाहिजे. घोट्यापाशी वीतभर चेन असलेली पँट चिखलात एका पायावर उभं राहून बूट काढायला लावते, आणि मग लोक ती सॅकमध्येच ठेवून भिजत राहतात. शिवाय चढणीवर चेन वरून खाली अर्धी उघडली की वारं आत शिरतं. तेवढं कुठल्याही पापुद्र्यातून शिरत नाही. चेनवर कापडाची झाप आहे का, तेही बघा. दुकानात बूट घालूनच जा आणि तिथेच चढवून पाहा.

माप. आतल्या पँटवरून बसली पाहिजे. तिथेच उकिडवं बसा, गुडघा कमरेपर्यंत उचला, दोन पायऱ्या एकदम चढा. आसनात ताण आला तर शिवण तिथेच उसवणार. गुडघ्यात आधीच बाक दिलेला आणि आसनात वेगळा तुकडा जोडलेला असेल तर चालणं सोपं जातं. लांब झाली म्हणून शिंप्याकडे देत असाल तर फक्त खालची मोहरी कापू द्या. वर कुठेही सुई लागली की तिथे भोक, आणि भोकाला टेप नाही.

थर. अडीच थरांची पँट, म्हणजे कापड, पापुद्रा आणि आत नुसता पातळ लेप, हलकी आणि स्वस्त, आतून जरा ओलसर लागते. तीन थरांची, जिच्यात आतूनही कापड असतं, टिकाऊ आणि अंगाला कोरडी लागते, पण महाग, आयात केलेली गोरटेक्सची तर पाच आकड्यांत जाते. वर्षातून एकदा हिमालयात जाणाऱ्याला अडीच थर पुरतात. आत जाळीचं अस्तर असलेली मात्र घेऊ नका. आपल्या डोंगरात सप्टेंबरपासून गवताला कुसळं धरतात. एकदा अंतूरहून उतरल्यावर एका मुलीच्या पँटच्या जाळीतून आम्ही तासभर कुसळं उपटत होतो. प्रत्येक कुसळ पीळ देत आत शिरतं, मागे खेचलं की तुटतं आणि टोक तिथेच राहतं. त्या टोकाने पापुद्र्याला भोक पडतं. बाभळीच्या आणि बोरीच्या रानातून जायचं असेल तर वॉटरप्रूफ पँट सॅकमध्येच बरी.

घालताना मोहरी बुटाच्या बाहेर राहू द्या. बरेच जण ती बुटात खोचतात, मग पँटवरून ओघळलेलं पाणी सरळ मोज्यात उतरतं.

तर ताई, पाण्याची परीक्षा करा, पँट धुवा, इस्त्री फिरवा. जुनी दोन्ही परीक्षांत उतरली आणि तिची चेन गुडघ्यापर्यंत असली, तर तीच घेऊन फुलांच्या दरीत जा. सात हजार वाचतील, त्यातून लेकीसाठी अडीच थरांची पँट, दोघींना लवकर वाळणाऱ्या दोन-दोन पँटी आणि लोकरीचे मोजे येतील. घांगरियाहून निघताना पँट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. चढ लागला, ऊन पडलं की काढा. ढग खाली उतरताना दिसले की भिजायच्या आधी चढवा, आणि लेकीची चेन आधी लावून द्या, थंडीत बोटं सुन्न झाली की मुलांना ती ओढता येत नाही.